पान त्यांचं, ब्राउझर तुमचा

या महिन्याच्या पत्रांत एक वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत सतत भेटलं: "मला यातलं फारसं कळत नाही, तेव्हा माझंच काही चुकत असेल." अशी पत्रं मी मुद्दाम वर काढून ठेवली. बटण सापडत नाही, अक्षर वाचवत नाही, फॉर्म पुढे सरकत नाही, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा पान बनवणाऱ्या कुणाचा तरी निर्णय असतो. डीटीपीच्या दिवसांपासून मी मराठी अक्षरं पडद्यावर बसवण्याचं काम करते आहे. पान बनवणाऱ्याच्या हातात पुष्कळ असतं हे खरं, पण ते पान तुमच्यासमोर मांडतो तो ब्राउझर, आणि त्याला तुमच्या बाजूने कामाला लावता येतं. ते कसं, हे बऱ्याच वाचकांना कुणी सांगितलेलंच नाही. म्हणून या वेळी उत्तरं जरा सविस्तर देते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. रोज सकाळी मोबाइलवर मराठी बातम्या वाचते. हल्ली अक्षरं इतकी फिकट आणि बारीक वाटतात की चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आले. नंबर तोच निघाला. एका साइटवर तर मथळ्यातली अक्षरं सुटी सुटी दिसतात, शिरोरेषा मधेमधे तुटलेली. दोष फोनचा आहे का?
(एक वाचक, कऱ्हाड)

बाई, तुमचे डोळे ठीक आहेत आणि फोनही. तुम्ही पाहिलंत ते अगदी बरोबर पाहिलंत.

फिकट अक्षरांची टूम दशकभरापूर्वी जोरात आली. २०१३ साली ॲपलने आयफोनचा सगळा पडदा नव्याने आखला. बटणांच्या सावल्या आणि उठाव गेले, अक्षरं सडपातळ झाली, आणि जगभरच्या डिझायनरांनी ते उचललं. पांढऱ्यावर काळं म्हणजे जुनाट, पांढऱ्यावर राखाडी म्हणजे नाजूक, असा समज रुजला. डिझायनर मोठ्या, चांगल्या पडद्यासमोर बंद खोलीत काम करतो. तुम्ही तेच पान गॅलरीतल्या उन्हात धरून वाचता. याला मापदंड नाही असं नाही. वेबची मानकं ठरवणारी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था सांगते, की साध्या मजकुरात अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात निदान ४.५ ला १ इतका फरक हवा. शुद्ध काळं-पांढरं घेतलं तर तो २१ ला १ असतो. म्हणजे राखाडीला भरपूर जागा दिली आहे, तरी काही जण ती हद्दही ओलांडतात. भारतातल्या सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सरकारी पानांच्या वरच्या कोपऱ्यात अक्षर लहान-मोठं करायची जी तीन बटणं दिसतात, ती वाचणाऱ्याच्या सोयीच्या याच विचारातली.

तुटलेल्या शिरोरेषेचं कारण वेगळं आहे, आणि मला त्याचा जास्त राग येतो. इंग्रजी मथळ्यात अक्षरांमध्ये थोडी हवा सोडली की तो रुबाबदार दिसतो. त्यासाठी पानाच्या नियमांत ‘लेटर-स्पेसिंग’ नावाची एक ओळ लिहितात. पुष्कळ साइट्सचा साचा आधी इंग्रजीसाठी तयार होतो आणि मग त्यात मराठी मजकूर ओतला जातो. नियम तोच राहतो. ब्राउझर बिचारा सांगितल्याप्रमाणे प्रत्येक अक्षरानंतर फट सोडतो आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. ओळींमधल्या अंतराचंही तसंच. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि पायमोडकी जोडाक्षरं. इंग्रजीच्या मापाने ओळी रचल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. बटणावर तर ‘पुढे’ मधला उकार अर्धा कापलेला मी कितीतरी ठिकाणी पाहते. ही एका ओळीची दुरुस्ती आहे. ती होत नाही, कारण साइट प्रसिद्ध करण्यापूर्वी मराठी पान मराठी माणसाने नजरेखालून घातलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट, तुम्ही शिक्षिका म्हणून तुम्हाला नक्की खटकत असेल. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली वळणं. पानाच्या मुळाशी भाषेची एक खूण लिहायची असते. मराठीसाठी ती ‘एमआर’ अशी असते. फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील आणि ही खूण दिली असेल, तर ब्राउझर आपोआप मराठी वळणाचे ल आणि श उमटवतो. खूण हिंदीची किंवा इंग्रजीची राहिली, तर बहुधा हिंदी वळण येतं. शाळेत जाणारं मूल पडद्यावरून अक्षर शिकतंय, अशा वेळी ही खूण टाळणं मला क्षम्य वाटत नाही.

आता तुमच्या हातातलं. आयफोनवर सफारीत पत्त्याच्या पट्टीजवळच्या मेनूत ‘रीडर’ मिळेल. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत कागदासारखं चिन्ह दिसतं, ते दाबा. कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये ‘रीडिंग मोड’ आहे. हे सुरू केलं की जाहिराती, रंग, साइटचा नखरा सगळं बाजूला होतं आणि नुसता लेख तुम्ही ठरवाल त्या आकारात, काळ्या अक्षरांत येतो. तुटलेली शिरोरेषासुद्धा बहुधा सांधली जाते. सगळ्या पानांवर ते चालत नाही, बातम्या आणि लेखांवर चालतं. फोनवर क्रोम वापरत असाल, तर सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडा. तिथे अक्षर मोठं करता येतं आणि ‘फोर्स एनेबल झूम’ असा एक पर्यायही आहे. काही साइट्स दोन बोटांनी पान मोठं करायला बंदी घालतात. हा पर्याय निवडला की ती बंदी तुमच्या फोनवर लागू राहत नाही.

प्रश्न : तालुक्याच्या गावी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र चालवतो. एका पोर्टलला डिजिटल सहीसाठी अजून इंटरनेट एक्सप्लोरर हवा, दुसरं फक्त क्रोमवर चालतं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं आणि मी ब्राउझर बदलत बसतो. एकाच ब्राउझरवर सगळं का चालत नाही? शेवटी सगळ्यांनी क्रोमच वापरला तर भानगडच मिटेल ना?
(एक केंद्रचालक, जिल्हा सोलापूर)

आधी कामाचं सांगते. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला बंद झाला, पण त्याचं इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर उमटवणारा आतला भाग, मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरच्या पोटात शिल्लक आहे. एजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’ या भागात जाऊन ‘इंटरनेट एक्सप्लोरर मोड’ला परवानगी द्या आणि तिथल्याच यादीत त्या पोर्टलचा पत्ता घाला. ही नोंद ३० दिवस टिकते, मग पुन्हा घालावी लागते. हा मोड त्या एका पोर्टलपुरताच वापरा. जुनं इंजिन सुरक्षित नाही, त्यात बँकेची कामं करू नका. मायक्रोसॉफ्टने ही सोय निदान २०२९ पर्यंत ठेवण्याचं सांगितलं आहे.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. सगळ्यांनी एकच ब्राउझर वापरला तर काय होतं, हे आपण एकदा भोगलेलं आहे आणि तुमची आजची अडचण त्याचंच उरलेलं देणं आहे. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ साली आली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत जगात दहातले नऊहून जास्त लोक इंटरनेट एक्सप्लोररच वापरत होते. स्पर्धक ब्राउझर नेटस्केप संपला होता. मग मायक्रोसॉफ्टला घाई उरली नाही, आणि सातवी आवृत्ती यायला २००६ उजाडलं. मधल्या काळात बँका, सरकारी खाती आणि कंपन्या यांनी आपली पोर्टल्स त्या एका ब्राउझरच्या खास सोयींवर उभी केली. ‘ॲक्टिव्हएक्स’ ही त्यातली मुख्य. डिजिटल सही साठवलेलं पेनड्राइव्हसारखं टोकन कॉम्प्युटरला लावायचं आणि पानाने ते वाचायचं, हे काम ती करायची. दुसऱ्या कुठल्याही ब्राउझरला ती येत नव्हती. काहींनी त्याऐवजी जावाचा प्लगइन, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडायचा पुरवणी प्रोग्राम, घेतला, तर क्रोमने २०१५ साली तो दरवाजाही बंद केला. ज्यांनी पोर्टल नव्याने लिहिलं ते सुटले. ज्यांनी नाही लिहिलं त्यांची गिऱ्हाइकं आज तुमच्या केंद्रात ताटकळतात.

मराठी वाचकांना याची झळ वेगळ्याच जागी लागली. त्या काळी मराठी वर्तमानपत्रांची पानं युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या सामायिक पद्धतीत, नसायची. प्रत्येकाचा स्वतःचा फॉन्ट, आणि त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. वाचकाकडे तो फॉन्ट नसेल तर पानाबरोबरच तो पाठवायचा, अशी युक्ती होती, पण इंटरनेट एक्सप्लोररला समजणारी फॉन्टची फाइल फायरफॉक्सला समजत नव्हती. २००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. हौसेने त्यात मराठी पेपर उघडला की समोर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता खच. परदेशी राहणारे कितीतरी मराठी लोक केवळ पेपर वाचण्यासाठी जुना ब्राउझर जपून ठेवत. त्या पानांतला मजकूर शोधताही येत नसे. सर्च इंजिनच्या लेखी ती मराठी नव्हतीच. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, विंडोज २००० बरोबर मंगल हा फॉन्टही आला होता. पण विंडोज एक्सपीवर मराठी नीट जुळून दिसायला सेटिंग्जमधल्या एका चौकटीत टिक करून बहुधा विंडोजची सीडी घालावी लागे, आणि ती सीडी घराघरात कुठली असणार? त्या वर्षांतलं कितीतरी मराठी लेखन जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडलं. मला त्याची अजून हळहळ वाटते.

आज परिस्थिती वरवर चांगली आहे. पण क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंगचा ब्राउझर, ही नावं पाच असली तरी इंजिन एकच, ब्लिंक. एज २०२० च्या जानेवारीत त्यात सामील झाला. वेगळी इंजिनं चालवणारे ठळक असे दोनच उरले: फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. भारतात आयफोनवर क्रोम घेतला तरी आत वेबकिटच असतं. ‘फक्त क्रोममध्ये उघडा’ अशी पाटी दिसली की मला म्हणूनच धडकी भरते. तुमच्यासारखे केंद्रचालक इथे खूप काही करू शकतात. फायरफॉक्स मशीनवर ठेवा. एखादा फॉर्म त्यात अडला, तर पोर्टलच्या मदत कक्षाला ब्राउझरचं नाव, आवृत्तीचा आकडा आणि पडद्याचं छायाचित्र पाठवा. अशी तक्रार एका माणसाकडून आली तर बाजूला पडते, पण दहा केंद्रांनी पाठवली तर कंत्राटदाराला उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न : आईच्या फोनवर दिवसभर सूचना येतात: ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला’, ‘तुम्ही बक्षीस जिंकलात’. ती घाबरून जाते. फोन दुकानात नेऊन रिकामा करून आणला, तरी आठ दिवसांत पुन्हा सुरू.
(एक वाचक, ठाणे)

व्हायरस बहुधा नाहीच. आईंनी पाककृतीचं किंवा आरतीचं एखादं पान उघडलं असेल, तिथे ‘सूचना पाठवू का?’ अशी चौकट आली असेल, आणि पुढचं दिसावं म्हणून त्यांनी ‘अलाउ’ दाबलं असेल. पान बंद केलं तरी त्या साइटला ब्राउझरमार्फत सूचना पाठवता येतात. क्रोममध्ये ही सोय २०१५ पासून आहे. बातम्या आणि मेल यांसाठी ती चांगली होती. फसवणाऱ्यांनी तिचा ताबा घेतला.

क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. अनोळखी नावं सगळी काढा, आणि वरचा मुख्य पर्यायच बंद करा, म्हणजे पुढे कुणी विचारणारही नाही. त्या सूचना दाबून एखादं ॲप उतरवलं गेलं असेल तर तेही शोधून काढा. आईंना मात्र रागावू नका. ती चौकट अशा जागी आणि अशा वेळी येते की कुणीही ‘हो’ म्हणेल.

प्रश्न : सहलीचं तिकीट काढताना विमा आपोआप जोडला गेला. तो काढायचा तर बटणावर लिहिलेलं, ‘नको, मी धोका पत्करेन’. शेवटच्या पानावर आणखी कसलंसं शुल्क. पैसे भरल्यावर लक्षात आलं. असं करायला परवानगी असते का?
(एक विद्यार्थिनी, नाशिक)

नसते. अशा रचनांना जगभर ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. ब्रिटनमधले डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली हे नाव दिलं आणि उदाहरणं गोळा करायला सुरुवात केली. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली आणि १३ प्रकार नावानिशी सांगितले. तुमच्या एकाच तिकिटात त्यातले तीन आहेत. न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं हा एक, नकार देणाऱ्याला लाजवणारी किंवा घाबरवणारी भाषा वापरणं हा दुसरा, आणि खरी किंमत थेंबाथेंबाने शेवटी उघड करणं हा तिसरा.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पुरावा म्हणून पैसे भरल्याची पावती पुरत नाही. पहिल्या पानावरची किंमत, आधीच टिक केलेली चौकट आणि शेवटची रक्कम, तिन्हींचे स्क्रीनशॉट लागतात. ही पानं रोज बदलतात, त्यामुळे तुमच्याकडे आज ते नसतील तर तिकिटाची पायरी पुन्हा चालून, पैसे न भरता, छायाचित्रं घेऊन ठेवा. तीच युक्ती तिथे अजून चालू असेल तर तक्रारीला बळ येईल.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे प्रत्येक साइट कुकीची चौकट दाखवते. कंटाळून मी ‘स्वीकारा’ दाबतो. काही बिघडतं का?
(एक वाचक, लेस्टर)

लगेच काही बिघडत नाही. पण तुम्ही काय वाचता याची नोंद कितीतरी जाहिरात कंपन्यांकडे जायला मोकळीक मिळते. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. ती १९९४ साली नेटस्केपमध्ये लू मॉन्टुली यांनी आणली, साइटला येणारा-जाणारा ओळखता यावा म्हणून. माग काढण्याचा धंदा नंतर उभा राहिला. तुमच्याकडच्या चौकटी युरोपीय कायद्यातून आलेल्या आहेत. सुरुवातीला त्यांत ‘स्वीकारा’ मोठं आणि नकार चार पायऱ्या आत असायचा. फ्रान्सच्या नियामकाने याच कारणासाठी गूगल आणि फेसबुकला मोठा दंड केला. तो २०२२ च्या जानेवारीत जाहीर झाला, आणि त्यानंतर पहिल्याच चौकटीत नकाराचं बटण दिसायला लागलं. ते बटण तुमच्यासाठी भांडून मिळवलेलं आहे. दाबत चला.

प्रश्न : मी वेब डिझाइन शिकते आहे. सगळ्या साइट्स हल्ली सारख्याच का दिसतात? आणि मराठी साइट करायची तर पहिल्यांदा काय शिकू?
(एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून शेवटी ठेवला.

सारखेपणाचं मोठं कारण फोन आहे. २०१० साली ईथन मार्कट यांनी एक लेख लिहून सुचवलं, की मोबाइलसाठी वेगळी साइट करू नका, एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे आकार बदलेल असं करा. कल्पना उत्तम होती आणि आज सगळं त्यावर उभं आहे. पण अरुंद पडद्यावर सगळ्यांना एकाच खांबात सगळं रचावं लागलं, आणि मेनू तीन आडव्या रेघांमागे गेला. त्या रेघा नव्या नाहीत. १९८१ च्या झेरॉक्स स्टार या कॉम्प्युटरसाठी नॉर्म कॉक्स यांनी त्या काढल्या होत्या. तरुणांना त्या कळतात. माझ्या शेजारच्या आजोबांना त्या म्हणजे नुसती नक्षी वाटते. जागा असेल तिथे त्यांखाली ‘मेनू’ असं स्पष्ट लिही, एवढ्याने फरक पडतो.

न संपणाऱ्या स्क्रोलपासून जप. तो २००६ साली आझा रास्किन यांनी रचला आणि पुढे त्यांनी स्वतः त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्यात पानाच्या तळाशी असलेला पत्ता आणि फोन नंबर कधी हाताला लागत नाही. बॅक दाबलं की बऱ्याचदा वाचक पुन्हा वरच्या टोकाला फेकला जातो. दिवाळी अंकाची किंवा ग्रंथालयाची साइट करशील तेव्हा पानांना क्रमांक दे. वाचकाला ‘मी सातव्या पानावर होतो’ असं आठवू दे.

पहिल्यांदा काय शिकू, तर अक्षर. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींचा ‘मुक्त’ हा फॉन्ट घे, ‘नोटो’ घे. दोन्ही विनामूल्य आहेत. मोठा परिच्छेद लावून बघ. ‘दुसऱ्या’, ‘द्वंद्व’, ‘कुऱ्हाड’, ‘वाङ्मय’, ‘हृदय’ हे शब्द प्रत्येक फॉन्टमध्ये टाकून पाहायची सवय लाव. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेव, अक्षरांमध्ये अजिबात सोडू नकोस. तिरपं अक्षर वापरू नकोस. फॉन्टमध्ये तिरपं रूप नसलं की ब्राउझर सरळ अक्षर नुसतं ढकलून तिरकं करतो आणि ते विद्रूप दिसतं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा जड होते. ती उतरेपर्यंत ब्राउझर साधारण ३ सेकंद मजकूर लपवून ठेवतो. पानाच्या नियमांत ‘फॉन्ट-डिस्प्ले’ या ओळीत ‘स्वॅप’ लिहिलं की फोनमधल्या फॉन्टमध्ये मजकूर लगेच दिसतो. घाटात, एसटीत, एका दांडीच्या रेंजवर वाचणाऱ्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे.

कॉलेजात शिकवतात ते लॅपटॉपवर कर, पण तपासायला घरातला सगळ्यात जुना अँड्रॉइड फोन घे आणि दुपारी अंगणात उभी राहून पान वाच. मग ते आजीच्या हातात दे आणि काही सांगू नकोस. ती कुठे अडते ते फक्त लिहून काढ. पहिलं पान तयार झालं की पत्ता मासिकाकडे पाठव. मी ते फायरफॉक्समध्ये आणि फोनवर दोन्हीकडे उघडून बघेन आणि काय वाटलं ते सविस्तर कळवेन.